पार्ल्याचा थंडा: थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट आणि चौहान घराणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थम्स अप आपलं की अमेरिकेचं? बिसलेरी आणि पार्ले-जी एकाच मालकाचं का? गोल्ड स्पॉट गेलं कुठे? गप्पांत हे प्रश्न हटकून निघतात आणि उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. या पानावर ती एकत्र दिली आहेत. ही पेयं काढणाऱ्या पार्ले कंपनीच्या गोष्टीत जाहिराती आणि घोषवाक्यांचं कौतुक फार होतं. मला मात्र तिच्या वाढीचं आणि पुढे ही पेयं विकून टाकण्याचंही खरं कारण बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांत दिसतं, म्हणून त्यांच्याबद्दल इथे सविस्तर लिहिलं आहे.

"पार्ले" नावाच्या नेमक्या किती कंपन्या आहेत?

तीन, आणि तिन्हींचे मालक वेगळे. पार्ले प्रॉडक्ट्स म्हणजे पार्ले-जी, मोनॅको, क्रॅकजॅक, मेलडी, किस्मी. पार्ले अ‍ॅग्रो म्हणजे फ्रूटी, अ‍ॅपी फिझ आणि बेली पाणी. तिसरी बिसलेरी इंटरनॅशनल, जिचं नाव पूर्वी पार्ले बिसलेरी असं होतं.

तिघींचा मूळपुरुष एकच, मोहनलाल दयाल चौहान. त्यांना पाच मुलगे: माणेकलाल, पीतांबर, नरोत्तम, कांतिलाल आणि जयंतीलाल. शीतपेयांचा धंदा धाकट्या जयंतीलालांनी उभा केला आणि पुढे त्यांचे मुलगे रमेश आणि प्रकाश यांच्याकडे आला. गोळ्या-बिस्किटं बाकीच्या भावांच्या कुटुंबांकडे राहिली. नंतर रमेश आणि प्रकाश हेही वेगळे झाले: रमेशभाईंकडे बिसलेरी, प्रकाशभाईंकडे पार्ले अ‍ॅग्रो. म्हणजे फ्रूटीवाले आणि पार्ले-जीवाले चुलत घरांतले, पण धंदा पूर्ण वेगळा. पार्ले अ‍ॅग्रोने गोळ्या-चॉकलेटं काढली तेव्हा "पार्ले" हे नाव कोणी कशावर लावायचं यावरून दोन्ही कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या.

सुरुवात कुठे झाली?

विलेपार्ल्यात, १९२९ साली. मोहनलाल मूळचे वलसाडजवळच्या पारडीचे. लहानपणी मुंबईत आले, शिवणकाम शिकले, कपड्यांच्या धंद्यात स्थिरावले. स्वदेशीचं वारं जोरात होतं. गोळ्या-मिठाया तेव्हा विलायतेहून यायच्या आणि महाग असायच्या. त्या इथेच बनवायच्या असं ठरवून ते जर्मनीला गेले, गोळ्या बनवायचं तंत्र शिकले, यंत्रं घेऊन परतले आणि पार्ल्यात एक जुनी जागा घेऊन कारखाना सुरू केला. पहिले कामगार बाराच, तेही बहुतेक घरचेच. कारखान्याचं नाव ठेवायचं राहून गेलं आणि गावाचं नावच त्याला चिकटलं, असं सांगितलं जातं.

१९३९ मध्ये बिस्किटं आली. पार्ले ग्लुको हेच पुढे पार्ले-जी झालं. बिस्किटांची गोष्ट मोठी आहे, पण ती वेगळी, म्हणून इथेच थांबतो.

गोळ्या-बिस्किटं करणारे शीतपेयांकडे कसे वळले?

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ च्या सुमारास, जयंतीलालांनी पेयांचा धंदा सुरू केला. ओढून-ताणून केलेली ही उडी नव्हती. गोळी आणि थंडा या दोन्ही धंद्यांत साखर लागते, फळांचे अर्क लागतात, रंग लागतो आणि गल्लीतल्या लहान दुकानदाराशी रोजचा संबंध लागतो. यातलं बहुतेक घरात होतं. नव्हत्या त्या बाटल्या आणि वायू भरायची यंत्रं.

त्यांचं पहिलं मोठं यश गोल्ड स्पॉट, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं. संत्र्याच्या स्वादाचं, भडक नारिंगी रंगाचं. त्याच सुमारास, १९५० साली, कोका-कोलाही भारतात आली. म्हणजे पार्लेने हा धंदा रिकाम्या मैदानात शिकला नाही. जगातली सगळ्यात मोठी पेय कंपनी शेजारी दुकान मांडून बसलेली असताना शिकला. पुढचं बरंच काही यावरून समजतं.

त्याआधी महाराष्ट्रात लोक काय प्यायचे?

गोटीसोडा गावोगावी होताच. शहरांत या धंद्यावर पारशी-इराणी घराण्यांचा ठसा होता. मुंबईत दिनशॉजी पंडोल यांनी १८८९ साली सुरू केलेली ड्यूक्स, तिची लेमोनेड, रासबेरी आणि नंतर मँगोला. पालनजींची रासबेरी तर इराणी हॉटेलांत आणि पारशी लग्नांत अजून मिळते. पुण्यात कॅम्पातलं आर्देशिर. ही सगळी चवीची पक्की माणसं. पण त्यांचा पल्ला बहुतेक एका शहराचा, फार तर आसपासचा. पार्लेने वेगळं केलं ते इथे: एकाच चवीची बाटली देशभर पोचवली.

ती बाटली देशभर पोचायची कशी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पार्ले स्वतः बनवायची तो अर्क. धंद्यातलं नाव कॉन्सन्ट्रेट. चवीचं जे काही गुपित असेल ते त्यात. हा अर्क ठिकठिकाणच्या बॉटलरना विकला जायचा. बॉटलर म्हणजे त्या भागातला एखादा उद्योजक. जागा त्याची, यंत्रं त्याची, ट्रक त्याचे, बाटल्यांचा साठाही त्याचाच. तो साखरेचा पाक करून त्यात अर्क मिसळणार, पाणी गार करून त्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवणार, बाटली भरणार आणि वर पत्र्याचं दातेरी झाकण दाबून बसवणार. पाणी आधी गार करावं लागतं, कारण कोमट पाण्यात वायू टिकत नाही.

काचेची बाटली विकली जात नसे, ती परत यायची. एका क्रेटमध्ये २४ बाटल्या. सकाळी ट्रक भरलेली क्रेट उतरवणार आणि तेवढ्याच रिकाम्या उचलणार. रिकाम्या नाहीत तर भरलेल्या नाहीत, नाहीतर अनामत ठेवा. म्हणून तर दुकानात उभं राहूनच प्यायचं आणि बाटली काउंटरवर ठेवून जायचं, ही आपली सवय. घरी न्यायची तर दुकानदार ओळखीचा लागायचा. परत आलेली बाटली कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्याने धुवायची, उजेडासमोर धरून आत काही राहिलंय का ते बघायचं, पुन्हा भरायची. जुनी बाटली हातात घेतली तर खांद्यापाशी आणि बुडाशी पांढुरका, खरखरीत पट्टा लागतो. क्रेटमध्ये आणि कारखान्याच्या पट्ट्यावर बाटल्या शेजारच्या बाटलीला घासून घासून तो पडतो. पट्टा जितका रुंद, तितक्या त्या बाटलीच्या फेऱ्या जास्त.

आता हिशेब बघा. काच जड, आतल्या पेयाला मुख्यतः साखर-पाण्याची किंमत, आणि रिकामी बाटलीही तेवढाच प्रवास करून परत येणार. असा माल फार लांब नेणं परवडत नाही. नागपूरचा थंडा मुंबईत भरून पाठवता येत नाही. म्हणून जितका प्रदेश हवा तितके बॉटलर हवेत. त्यातून धंदा मार्च ते जून असा चार महिन्यांचा. ऐन मे महिन्यात, लग्नसराईत, बॉटलरकडे पुरेशा बाटल्या नसल्या तर वर्ष वाया. इतकं भांडवल अडकवणारी, त्या त्या भागातली विश्वासू माणसं शोधणं, त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणं, हेच पार्लेने पंचवीस-तीस वर्षं केलं. १९९० च्या सुमारास असे पन्नासहून जास्त कारखाने पार्लेच्या नावाने बाटल्या भरत होते.

कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून का गेली?

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे फेरा म्हणायचे त्याने, बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातल्या उपकंपनीत ४० टक्क्यांहून जास्त मालकी ठेवता येईना. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि अंमलबजावणी कडक झाली. बहुसंख्य भाग भारतीयांकडे द्या आणि अर्क बनवायचं तंत्रही इथे द्या, अशी मागणी होती. कोका-कोलाने गाशा गुंडाळला. त्याच सुमारास आयबीएमही गेली.

कोक गेली म्हणूनच थम्स अप चाललं, असं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. जागा रिकामी झाली हे खरं, पण ती एकट्या पार्लेसाठी झाली नव्हती.

कोकच्या बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला काढला. त्यांच्याकडे यंत्रं होती, ट्रक होते, कोला कसा विकायचा याचा पंचवीसेक वर्षांचा अनुभव होता. (वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड बातम्यांमुळे आठवत असेल. ती जमीन याच कंपनीकडे भाडेपट्ट्याने होती.) केंद्र सरकारने तर स्वतःचा कोला आणला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याची कृती तयार केली, मॉडर्न ब्रेडवाल्या सरकारी कंपनीने तो विकला, आणि १९७७ च्या सत्तांतराची आठवण म्हणून नाव ठेवलं सत्त्याहत्तर, म्हणजे डबल सेव्हन. मॅकडॉवेलचा थ्रिल होता. ड्यूक्स होतीच.

मग या सगळ्यांच्या पुढे थम्स अपच का गेलं? १९७७ मध्ये रमेश आणि प्रकाश चौहान यांनी ते बाजारात आणलं तेव्हा गोल्ड स्पॉटचे ट्रक गावोगावी आधीपासून जात होते. दुकानदाराच्या बर्फाच्या पेटीत पार्लेची जागा ठरलेली होती, अनामत दिलेली होती, क्रेट मागच्या बाजूला रचलेली होती. नव्या बाटलीला फक्त त्या क्रेटमध्ये शिरायचं होतं. डबल सेव्हनच्या मागे सरकार होतं, पण सरकारकडे रोज सकाळी एसटी स्टँडवरच्या कोल्ड्रिंक हाऊसपर्यंत जाणारा माणूस नव्हता. सरकारने दार उघडलं हे मान्यच. त्यातून आत जायला पार्लेचे पाय तीस वर्षं तयार होत होते. थम्स अपचं सगळं श्रेय जॉर्ज फर्नांडिसांना देणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

थम्स अपच्या चवीत वेगळं काय आहे?

ते कमी गोड लागतं, मसाल्याचा झणका जास्त आणि वायू कडक. कोकची नक्कल करण्याऐवजी कंपनीने दालचिनी, वेलदोडा, जायफळ असे आपल्या जिभेचे मसाले घेऊन प्रयोग केले. दुसरी अट त्याहून महत्त्वाची: पेय पुरतं गार नसलं तरी घशाला लागलं पाहिजे. त्या काळात सगळीकडे फ्रिज नव्हते. लादीचा बर्फ दुपारपर्यंत वितळायचा, वीज जायची, आणि बाटली कोमट व्हायची. अशा वेळी गोडसर, मवाळ कोला पिववत नाही. कडक वायू आणि मसाला असला की चालून जातं. खारे शेंगदाणे किंवा वडापावबरोबर थम्स अप का जमतं याचंही उत्तर मला यातच दिसतं.

रमेश चौहान अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये इंजिनिअरिंग शिकून आलेले. पण ही चव ठरली ती इथल्या मे महिन्यातल्या टपरीकडे बघून, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

झाकणांखालची चित्रं याच कंपनीची का?

हो. गोल्ड स्पॉटच्या झाकणांत जंगल बुकमधली चित्रं असायची, थम्स अपच्या काळात क्रिकेटपटूंची. झाकण, म्हणजे आपलं बूच किंवा बिल्ला, पत्र्याचं आणि २१ दात्यांचं. आत वायू अडवणारं एक पातळ अस्तर असतं, ते नखाने किंवा खिळ्याने सोलून काढलं की खाली चित्र. पोरं हॉटेलाच्या ओपनरखालच्या डब्यात हात घालून बुचं गोळा करायची. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास थम्स अपने भराभर पानं उलटली की खेळाडू हलताना दिसतो अशा छोट्या पुस्तिकाही काढल्या होत्या. ज्यांनी त्या जपून ठेवल्या असतील त्यांनी टाकू नयेत.

लिम्कात लिंबू असतं का? आणि त्यावर बंदी आली होती का?

लिम्का लिंबाच्या स्वादाचं पेय आहे, लिंबाचा रस नव्हे. त्याचा ढगाळ, दुधट रंग येतो तो पाण्यात अगदी बारीक थेंबांच्या रूपात पसरवलेल्या तेलकट स्वादामुळे. तेल पाण्यावर तरंगतं. ते वर येऊन बाटलीच्या गळ्याशी कडं धरू नये म्हणून त्याचं वजन वाढवावं लागतं. त्यासाठी जगभर ब्रोमीनयुक्त वनस्पती तेल वापरलं जायचं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या पदार्थाच्या आरोग्यावरच्या परिणामांवरून गदारोळ झाला आणि १९९० मध्ये भारतात शीतपेयांत त्याचा वापर बंद करण्यात आला. बंदी त्या घटकावर होती, लिम्कावर नाही. कृती बदलली आणि लिम्का चालू राहिलं. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने याच घटकाची परवानगी थेट २०२४ मध्ये काढून घेतली. या एका बाबतीत आपण चौतीस वर्षं पुढे होतो, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स कोणी काढलं?

पार्लेनेच, १९९० मध्ये, रमेश चौहान यांच्या पुढाकाराने. नंतर नावाबरोबर पुस्तकही कोका-कोलाकडे गेलं.

इतकं चालत असताना १९९३ मध्ये ही पेयं कोका-कोलाला विकली का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण त्या पाच वर्षांचा क्रम नीट बघायला हवा.

१९८८ मध्ये पेप्सीला परवानगी मिळाली, पंजाब अ‍ॅग्रो आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारीत, पंजाबात फळं-भाज्यांवर प्रक्रिया करण्याच्या अटीवर. १९९० मध्ये ती "लहर पेप्सी" या नावाने बाजारात उतरली. पार्लेने जोरदार टक्कर दिली. ३०० मिलिलिटरची मोठी बाटली काढली, जिला लोक महाकोला म्हणायचे. विक्रीत पार्लेची पेयं तेव्हाही सगळ्यात पुढे होती. १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली आणि कोका-कोला परत येणार हे स्पष्ट झालं.

आता वरचा बॉटलरचा प्रश्न आठवा. पार्लेची ताकद ज्या पन्नासहून जास्त कारखान्यांत होती, त्यातले बहुतेक कारखाने पार्लेचे नव्हते. करार होता, संबंध होते, पण मालक वेगळे. परदेशी कंपनीला भारतात नव्याने जाळं विणायला पंधरा-वीस वर्षं लागली असती. त्याऐवजी तयार जाळ्यातला एकेक बॉटलर पैसे देऊन आपल्याकडे ओढणं सोपं. तेही सुरू झालं होतं. एखाद्या शहरातला बॉटलर फुटला की त्या शहरात थम्स अप एका दिवसात नाहीसं होतं. लोकांना हवं असलं तरी भरणार कोण? रमेश चौहान यांनी नंतर बोलताना हाच धोका पुढे मांडला आहे: दोन अवाढव्य कंपन्यांच्या पैशापुढे बॉटलर टिकतील याची खात्री नव्हती.

म्हणजे ज्या रचनेने कमी भांडवलात देशभर पसरता आलं, त्याच रचनेने त्यांना उघडं पाडलं. बाटल्या भरणारे कारखाने स्वतःचे असते तर ते इतके वेगाने पसरले नसते. आणि स्वतःचे असते तर १९९३ मध्ये इतक्या लवकर वाटाघाटीला बसावं लागलं नसतं. विक्रीला मी शरणागती म्हणणार नाही. जाळं शाबूत असताना, त्याची पूर्ण किंमत मिळत असताना त्यांनी ते विकलं. दोन वर्षांनी तेवढी किंमत आली असती असं वाटत नाही.

कोका-कोला ऑक्टोबर १९९३ मध्ये आग्र्याहून परत आली, ती पार्लेचीच बाटली भरणारी व्यवस्था हाताशी धरून.

नेमकं काय विकलं आणि कितीला?

थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा (लिंबाच्या स्वादाचं पारदर्शक पेय) आणि माझा. सुमारे ६ कोटी डॉलर हा आकडा सर्वाधिक सांगितला जातो. बिसलेरी आणि फ्रूटी या व्यवहारात नव्हत्या.

कोका-कोलाने थम्स अप मारायचा प्रयत्न केला का?

सुरुवातीची काही वर्षं कंपनीचं सगळं लक्ष, जाहिरातीचा पैसा आणि बर्फाच्या पेटीतली पुढची जागा कोककडे गेली, हे उघड दिसत होतं. थम्स अपला मागे ढकलून लोक कोक मागतील अशी अपेक्षा असावी. झालं उलट. थम्स अप पिणारा कोककडे वळेना, आणि थम्स अप मिळालं नाही तर तो पेप्सीही उचलायला तयार होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात धोरण बदललं आणि थम्स अप पुन्हा जोरात पुढे आणलं गेलं. पुढे २०२१ मध्ये त्याची वर्षाची विक्री १ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं कोका-कोलाने जाहीर केलं. त्या कंपनीच्या भारतीय पेयांत हा टप्पा गाठणारं हे पहिलं.

गोल्ड स्पॉट परत येईल का?

नाव कोका-कोलाकडे आहे, आणि फँटा विकायचं म्हणून ते २००० च्या आसपास बाजारातून काढलं गेलं. सिट्राचंही स्प्राइटसाठी तसंच झालं. संत्र्याच्या स्वादाची दोन पेयं एका कंपनीला शेजारी शेजारी नको असतात, त्यामुळे चिन्हं नाहीत. कॅम्पा मात्र परत आला. २०२२ मध्ये रिलायन्सने ते नाव घेतलं आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. तेव्हा अशक्य काहीच म्हणता येत नाही.

"माझा"वरून कोर्टकचेरी झाली होती ती काय?

भारतातलं माझाचं नाव कोका-कोलाने घेतलं होतं. २००८ मध्ये बिसलेरीने तुर्कस्तानात माझाच्या नावावर हक्क सांगितला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये अंतरिम आदेश कोका-कोलाच्या बाजूने लागला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात, कारण परदेशातल्या विक्रीसाठी भारतातल्या कारखान्यातून माल जाणार असेल तर इथल्या नावाचं उल्लंघन होतं का, हा त्यातला प्रश्न होता.

बिसलेरी मुळात इटलीची ना?

नाव इटलीचं, फेलिचे बिसलेरी या उद्योजकाचं. १९६५ मध्ये डॉ. रोस्सी आणि मुंबईचे वकील खुश्रू सनटूक यांनी ठाण्यात कारखाना घालून ते इथे आणलं. (सनटूक पुढे नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेचे अध्यक्ष झाले.) पाणी विकत घ्यायचं ही कल्पनाच तेव्हा लोकांना वेडगळ वाटायची आणि गिऱ्हाईक मोठ्या हॉटेलांपुरतं होतं. १९६९ मध्ये पार्लेने ते ४ लाख रुपयांना घेतलं.

घेतलं ते पाण्यासाठी नव्हेच. गोल्ड स्पॉटच्या ट्रकवर ठेवायला एक सोडा हवा होता, आणि बिसलेरीचा सोडा होता. काचेच्या बाटलीतलं साधं पाणी त्याच्याबरोबर आलं. पुढे हलक्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, बाटली परत करायची कटकट संपली, आणि रेल्वे स्टेशनावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत पाण्याची बाटली दिसू लागली. पेयांची नावं विकल्यावर रमेश चौहान यांनी सगळा जोर यावर लावला. ४ लाखांची खरेदी उरली आणि तीच मुख्य धंदा झाली.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टाटा कन्झ्युमरबरोबर विक्रीची बोलणी चालू असल्याचं बाहेर आलं. मार्च २०२३ मध्ये ती थांबली. सध्या रमेशभाईंची कन्या जयंती चौहान कारभारात आहेत. कंपनीने २०१६ पासून लिमोनाटासारखी रंगीत पेयंही पुन्हा काढली आहेत.

फ्रूटीची गोष्ट वेगळी कशी?

१९८५ मध्ये प्रकाश चौहान यांच्या पार्ले अ‍ॅग्रोने ती काढली. कागदी टेट्रा पाकिटात आंब्याचं पेय ही तेव्हा इथे नवलाई होती. बाटलीच्या व्यवस्थेतली सगळी डोकेदुखी इथे नाही: पाकीट परत घ्यायचं नाही, धुवायचं नाही, हलकं असल्याने लांबवर नेता येतं आणि बंद असेतो फ्रिजही लागत नाही. शाळेच्या डब्याच्या पिशवीत थम्स अप जाऊ शकत नव्हतं, फ्रूटी गेली.

आपल्याकडे विचारलं जातंच म्हणून सांगतो: अशा आंबा-पेयांत हापूस क्वचित असतो. आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या सीमेवरच्या पट्ट्यातला तोतापुरी मुख्यतः वापरतात. तो स्वस्त मिळतो, गर भरपूर देतो आणि प्रक्रियेत टिकतो.

पार्ले अ‍ॅग्रोचा कारभार आता प्रकाशभाईंच्या मुली शाउना, अलिशा आणि नादिया यांच्याकडे आहे. २००५ मधलं अ‍ॅपी फिझ, सफरचंदाचा रस आणि वायू एकत्र, हे मला या पिढीच्या काळातलं सगळ्यात कल्पक पेय वाटतं.

मनमाडजवळच्या डोंगराला थम्स अप का म्हणतात?

आकारामुळे. मनमाड-अंकाई परिसरात हडबीची शेंडी नावाचा उभा सुळका आहे. मूठ वळून अंगठा वर करावा तसा दिसतो. रेल्वेतून जाताना तो दिसला की डब्यात कोणीतरी "थम्स अपचा डोंगर" म्हणतंच. कंपनीशी संबंध नाही. सुळका गिर्यारोहकांचा आवडता आहे, आणि चढायचा तर दोर आणि जाणकार सोबत असायलाच हवेत.

विलेपार्ल्याचा कारखाना आता आहे का?

बिस्किटांचा मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला.

मी दुकानात बाटली उचलली, तर ती कोणाची हे कसं ओळखायचं?

समोरचं नाव न बघता मागचं लेबल वाचा. थम्स अप, लिम्का, माझा असेल तर कोका-कोलाचं नाव सापडेल. बरोबर "बाटली भरणारे" म्हणून वेगळ्या कंपनीचं नाव आणि कारखान्याचा पत्ता असेल. तो पत्ता जरूर वाचा, बहुतेक वेळा आपल्याच राज्यातला निघतो. फ्रूटी, अ‍ॅपी, बेलीवर पार्ले अ‍ॅग्रो. बिसलेरीवर बिसलेरी इंटरनॅशनल, आणि तिच्या हिरव्या लेबलाशी मिळतंजुळतं रंगरूप करून नावातलं एखादं अक्षर बदललेल्या बाटल्या महामार्गावर बऱ्याच दिसतात, तेव्हा अक्षरं नीट बघून घ्या आणि झाकणाचं सील आपल्या हाताने तोडा.